पाण्याचा बझर

नाथाजी पलटणीतून सुटला आणि कुंडलजवळच्या साखर कारखान्यात, कपाटाएवढ्या संगणकाच्या राखणीला लागला. माणूस भलता संशयी. एका चावीने सगळी कुलपं उघडतात म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडलीच.

संगणकावर तीन लहान प्रोग्रॅम चालत. पहिला बॉयलरमधलं पाणी बघे आणि ते उतरलं की बॉयलरघरात आणि संगणकाच्या खोलीत बझर वाजवी. दुसरा वाफ बघे, तिसरा दर पाच मिनिटांनी आकडे छापी. एक अडला तरी बाकीचे दोन आपलं काम सोडत नसत. अठ्ठ्याहत्तर साली सांगलीहून नवे इंजिनियर मधुसाहेब आले आणि त्यांनी तिन्ही मोडून एकच दांडगा प्रोग्रॅम केला.

"आवं साहेब, ह्यातलं एक अडलं तर समदंच अडंल की."

"अडेल कशाला? तुम्ही आपली रायफल सांभाळणारी माणसं, नाथाजी."

सगळे हसले. नाथाजीने राग गिळला, पण धास्ती काही गिळवेना. बॉयलरवर त्याचा धाकटा भाऊ सयाजी होता. बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर नजर ठेवणारा त्याचा जोडीदार, आता बझर आहे म्हणून, साहेबांनी कमी केला होता.

खंडेनवमीला बॉयलर पेटला. हत्यारांबरोबर संगणकाचीही पूजा झाली. पलटणीत रायफलीला घालायचा तसा झेंडूचा हार नाथाजीने स्वतःच्या हाताने छपाईयंत्राला घातला.

दुपारी त्याला खोली फार शांत वाटली. हिरवा दिवा लागलेला होता, पण छपाईची खडखड नव्हती. हाराचा दोरा कागदाच्या रुळात गुंतला होता. कागदावरची शेवटची वेळ दोन दहा, आणि भिंतीवर पावणेतीन. छपाई अडली म्हणून अख्खा प्रोग्रॅम तिथेच खोळंबला होता. पस्तीस मिनिटं पाण्याकडे कुणीच बघितलं नव्हतं. नाथाजी फोनकडे धावला. त्याने फोन उचलला.

"सयाजी, नळीत पाणी बघ!"

"आसंल की, दादा. बझर कुठं वाजलाय?"

"बझर मेलाय! नळी बघ!"

पावलं गेली, धावत परत आली.

"दादा, नळी कोरडी हाय! थांब, पाणी सोडतो."

तापून लाल झालेल्या बॉयलरमध्ये थंड पाणी! "सोडू नगंस! पळ तिथनं!" नाथाजी जिवाच्या आकांताने ओरडला. पण सयाजीने फोन टेबलावर टाकला होता. पलीकडे व्हॉल्व्हचं चाक करकरताना ऐकू आलं.

स्फोटाने खिडकीच्या काचा आत आल्या. बॉयलरघराचं छप्पर दिसेना. नाथाजीने हार ओरबाडून काढला, तसा दोरा तुटला, छपाईयंत्र खडखडलं, आणि पाण्याचा बझर वाजू लागला.