पाणी शिंपडून चटका

त्या गावात न्यायाधीश एक आणि इस्त्रीवालीही एकच. त्यामुळे काकूंचा खटला चालवायचा साहेबांनी, आणि साहेबांच्या काळ्या कोटाला इस्त्री करायची काकूंनी. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

खटला तसा साधा. बोक्या नावाचा चोर भरदुपारी चाकू घेऊन दुकानात शिरला आणि काकूंनी त्याच्या मनगटाला तापलेली इस्त्री लावली. चाकू पडला, बोक्याही पडला. इथवर सगळं स्वसंरक्षणात बसत होतं. पण जन्माची सवय वाईट! इस्त्री टेकवण्याआधी काकूंनी त्याच्या हातावर पाणी शिंपडलं होतं.

"पाणी शिंपडायला वेळ होता, म्हणजे विचार करायलाही होता," सरकारी वकील म्हणाले. "हा ठरवून केलेला हल्ला आहे!"

"अहो, हात आपोआप जातो," काकू कळवळून म्हणाल्या. "कोरड्यावर मी इस्त्री फिरवतच नाही कधी."

हे तर बोलायलाच नको होतं. चेहऱ्यावर पश्चात्ताप दिसतो म्हणून साहेबांनी बोक्याला जामिनावर सोडलं. काकूंनाही निकाल लागेपर्यंत सोडलं, पण बजावून: पुन्हा कोणाला चटका दिलात, तर थेट तुरुंग. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. आपण आत गेलो तर त्यांना घास कोण भरवणार, या काळजीने काकू निम्म्या झाल्या.

निकालाच्या दिवशी सकाळीच बोक्या परत आला. इस्त्री चांगली तापलेली होती. काकूंचा डावा हात पाण्याच्या भांड्याकडे गेलासुद्धा. मग साहेबांचं बजावणं आठवलं आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. बोक्याने खुंटीवरचा काळा कोट अंगात घालून पाहिला, "मापात आहे" म्हणाला आणि शीळ घालत निघून गेला. काकूंना संतापाने रडू फुटलं.

थोड्या वेळाने साहेब स्वतःच आले, नुसत्या शर्टात.

"कोट?"

"बोक्या घेऊन गेला, साहेब."

"तुमच्या देखत?"

"हो. छान बसला त्याला."

साहेबांचा तोल सुटला. "अहो, मग बघत काय बसलात? हातात तापलेली इस्त्री होती ना! द्यायचा एक चटका!"

दुकानात जमलेली गिऱ्हाइकं साहेबांकडे बघू लागली. त्यांत सरकारी वकीलही होते, हातात चुरगळलेली पँट घेऊन.

काकूंनी डोळे पुसले. "त्याला सोडलं कोणी, साहेब?"

साहेब शर्टाची बाही सरळ करू लागले.

"बरं, ते राहू द्या. पण चटका पाणी शिंपडून द्यायचा की कोरडाच, तेवढं आज निकालात लिहा."