डब्यातली शंभर कोडी

मी सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर आहे. अंधारात कुणी तेरा नंबरचा बोल्ट मागितला, तरी मी फडताळात हात घालून तेराच काढतो, बारा नाही. घरी मात्र माझ्या या गुणाचं चीज होत नाही. बायको म्हणते, तुझ्यासमोर कुणी दोन मिनिटं स्वस्थ बसलं, तर तू त्यालाही कपाटात ठेवशील, वर चिठ्ठी चिकटवून.

त्या शनिवारी मला सुट्टी होती आणि घरातला कॉम्प्युटर रडत होता. उघडला की लाल पट्टी आणि खाली तक्रार, की डिस्कवर जागा उरलेली नाही. दहा वर्षांचा जुना कॉम्प्युटर, बाहेरच्या खोलीत खिडकीखाली ठेवलेला, आणि आम्हा तिघांत एकच. बायको शाळेत गणित शिकवते, तिच्या प्रश्नपत्रिका त्यात असतात. आई दुपारी दोन तास त्याच्यासमोर बसते. ती पत्ते खेळते अशी माझी समजूत होती.

मी डिस्क साफ करणारा प्रोग्राम उघडला. त्यानं दोन मिनिटं विचार करून मला यादी दिली, आणि ती वाचून मला अक्षरशः गुदगुल्या झाल्या. तात्पुरत्या फायली, चार जीबी. जुन्या अपडेटचं उरलंसुरलं, अकरा जीबी. अकरा जीबी भंगार आमच्या घरात ठाण मांडून बसलं होतं आणि आम्ही त्याला रोज वीज पाजत होतो. प्रत्येकापुढे एक चौकोन, चौकोनात बरोबरची खूण करायची. मी खुणा करत सुटलो. सगळ्यात शेवटी होता रीसायकल बिन, म्हणजे कचऱ्याचा डबा. त्यात जेमतेम सहा एमबी, दर्यात खसखस. ते सोडलं असतं तरी चाललं असतं, पण दहा चौकोनांत एक रिकामा दिसला की मला जेवण जात नाही. मी तिथेही खूण केली. प्रोग्रामनं विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की.

हिरवी पट्टी सरकायला लागली आणि मी खुर्चीतल्या खुर्चीत एक गिरकी घेतली. सतरा जीबी मोकळी झाली. एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. माझ्या अंगात मात्र आवराआवर संचारली होती. मी आणखी खोलवर साफसफाई करणारा दुसरा एक प्रोग्राम इंटरनेटवरून उतरवून घेतला आणि तोही चालवला. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच, पण माकडाला ते कधी कळतं?

अकराच्या सुमारास आई आली. केसांत पेन्सिल खोचलेली, हातात चहा. मी मोठ्या मनानं खुर्ची सोडली आणि सतरा जीबीचा पराक्रम सांगायला सुरुवात केली. तिचं लक्ष नव्हतं. ती पडद्यावरच्या डब्याच्या चित्रावर दोनदा टिचकी मारून थांबली. मग चहाचा कप तिनं खाली ठेवला.

"माझा डबा कुणी रिकामा केला?"

मी हसलो. तिला समजावलं की तो कचऱ्याचा डबा आहे, रिकामा व्हायलाच असतो. ती म्हणाली, त्यात माझी कोडी होती.

मग जे कळलं ते असं. आमची आई एकोणीस वर्षं एका साप्ताहिकासाठी शब्दकोडं तयार करत होती, खाली नाव न छापता. आधी वहीत आणि चार वर्षांपासून कॉम्प्युटरवर. मी ज्याला पत्ते समजत होतो, ते हे. आता त्या साप्ताहिकाचे संपादक तिचं पुस्तक काढणार होते, 'शंभर शब्दकोडी', आणि या वेळी तिच्या नावासकट. मुखपृष्ठ छापून तयार होतं. सगळी कोडी आज संध्याकाळी पाचपर्यंत पाठवायची होती, नाहीतर छापखाना पुढचं काम घेणार आणि पुस्तक बारगळणार. रोज दुपारी ती कोडी डब्यातून बाहेर काढायची, त्यांवर काम करायची आणि उठताना पुन्हा डब्यात टाकायची. शंभरच्या शंभर.

"कचऱ्याच्या डब्यात कुणी ठेवतं का गं?" मी म्हटलं.

"डबाच म्हणाला होतास तू," ती म्हणाली. "साखर कुठे असते? डब्यात. घराची कागदपत्रं कुठे असतात? डब्यात. तुझं जावळ कशात ठेवलंय मी?"

कॉम्प्युटर शिकवताना डबा हा शब्द मीच वापरला होता, कचऱ्याचा हा शब्द खाऊन. आई ओरडली नाही. ती नुसती त्या रिकाम्या डब्याकडे बघत बसली. एकोणीस वर्षांनी तिचं नाव छापून येणार होतं आणि मी ते सहा एमबीच्या मोहापायी पुसलं होतं.

बायकोनं मेकॅनिकताईंना फोन लावला. या आमच्या रस्त्यावर कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाई, चाळिशीच्या, बोलायला फटकळ. मी घाईघाईनं सगळं सांगायला लागलो तर त्या म्हणाल्या, "दादा, आधी हात काढा. माउसवरून हात काढा, खुर्चीवरून उठा आणि कॉम्प्युटरपासून लांब उभे राहा." मी भिंतीला पाठ टेकवून उभा राहिलो. पंधरा मिनिटांत त्या स्कूटरवरून आल्या, तरी मी तसाच उभा होतो.

त्यांनी सांगितलं की पुसलेलं लगेच जात नाही. कॉम्प्युटर फक्त त्या जागेवर 'रिकामी' अशी पाटी लावतो, आणि नवीन काही तिथे येऊन बसलं की मगच जुनं खरं मरतं. त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला, त्यातला शोधणारा प्रोग्राम सुरू केला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, डबा रिकामा केल्यावर आणखी काही केलंत का? मी खोल सफाईचं सांगितलं. त्यांनी फक्त खुर्ची पुढे ओढली. ते मला जास्त लागलं.

दीड तास पट्टी सरकत होती. सकाळची हिरवी पट्टी किती सुंदर होती, आणि ही निळी पट्टी किती मेंगळट. मग फायली वर यायला लागल्या. नावं गेलेली, प्रत्येकीला एक डॉलरची खूण आणि पुढे अगम्य अक्षरं. एकेक उघडून बघायची. बायको मोजत होती, आई ओळखत होती. हे बारावं, हे एकाहत्तरावं, हे कधीचं तर तुझ्या बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळचं. अडीच वाजता मोजणी संपली. त्र्याण्णव सुखरूप. उरलेल्या सात फायलींच्या जागेवर माझा खोल सफाईचा प्रोग्राम ऐसपैस बसला होता.

मुखपृष्ठावर 'शंभर' छापलेलं होतं. मी म्हणालो, मी संपादकांशी बोलतो, चूक माझी आहे. आईनं केसांतली पेन्सिल काढली.

"बोलतोस कसला? कागद आण," ती म्हणाली. "सात करायची आहेत ना? करू."

आणि त्यानंतरचे अडीच तास माझ्या आयुष्यातले सगळ्यात खुळे आणि सगळ्यात सुखाचे तास होते. जेवायच्या टेबलावर कागदच कागद. बायको पट्टी घेऊन चौकटी आखत होती. मेकॅनिकताई जाते जाते म्हणत बसल्या आणि तयार झालेलं कोडं टाइप करायला लागल्या. मी या आईला कधी पाहिलंच नव्हतं. ती एकाच वेळी दोन कोडी करत होती, डाव्या बाजूच्या कोड्याला आडवा शब्द देऊन उजवीकडच्याला उभा. मलाही काम द्या म्हणून मी मागे लागलो, तेव्हा तिनं मला 'मासा' हा शब्द दिला आणि त्याचं शोधसूत्र लिहायला सांगितलं. मी लिहिलं, पाण्यात राहणारा प्राणी. तिनं वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि त्याखाली लिहिलं: पाण्यात राहून याच्याशी वैर नको. माझं सूत्र पहिलीच्या वर्गाला चालेल, असं बायकोनं जाहीर केलं.

मग मी हट्टानं एक अख्खं कोडं अंगावर घेतलं. पहिल्याच ओळीत ऐटीत 'खळखळाट' बसवला. पाच घरं, एक अक्षर इकडे नाही की तिकडे नाही. गोदामातल्या फडताळासारखा चपखल. खाली उभे शब्द जोडायला गेलो आणि अडकलो. दहा मिनिटांनी आई येऊन माझ्या खांद्यावरून वाकली.

"दुसऱ्या घरातून उभा शब्द निघतोय," ती म्हणाली. "ळनं सुरू होणारा."

मी म्हटलं, हो, तोच आठवतोय.

"आठव. मराठीत एकही नाही, पण बाजारात मिळाला तर दोन आण. चौथ्या घरातूनही एक निघतोय."

मेकॅनिकताईंनी कीबोर्डवर डोकं टेकलं, त्या एवढ्या हसल्या. बायको पट्टी तोंडावर धरून हसत होती. आई खुर्चीला धरून हसत होती. सुरुवातीला मी रुसलो, मग मलाही आवरेना. पुढचा अर्धा तास कुणीही कुणाकडे बघून नुसतं 'ळ' म्हटलं, की चौघं पुन्हा सुरू. वेळ जात होता, पावणेचार झाले होते, पाच कोडी झाली होती आणि आम्ही डोळे पुसत होतो.

सातवं कोडं चार सत्तेचाळीसला पूर्ण झालं. मेकॅनिकताईंनी सगळी शंभर एका फायलीत बांधली, आईनं स्वतः माउस हातात घेतला आणि पाठवलं. सहा मिनिटांनी संपादकांचा निरोप आला, मिळाली. आई दोन्ही हात टेबलावर ठेवून तो एकच शब्द वाचत राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे मी कबूल करतो, आणि ते हसण्याचं नव्हतं.

चहा झाला. बायको म्हणाली, "पण आई, एकेका कोड्यात तुम्ही मराठीचा कीस पाडता. कचऱ्याचा डबा कशाला असतो हे तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

आईनं कपातला घोट संपवला. "माहीत होतं की. पहिल्या वर्षी मी कोडी समोरच ठेवायची, पडद्यावर. यानं एका रविवारी आवरली. मी पुन्हा तयार केली. मग 'महत्त्वाचं' असं नाव देऊन ठेवली. ती दिवाणाखाली गेल्यासारखी कुठेतरी गेली. हा म्हणाला, असल्या नावाच्या फायली फालतू असतात. मग मी बघितलं, हा सगळीकडे हात घालतो, फक्त डब्यात घालत नाही. म्हणून."

ती रागानं म्हणाली नाही, वाण्याकडे काय काय मिळतं ते सांगावं तशी म्हणाली. तिची कोडी मी दोनदा आवरली होती आणि मला त्याची आठवणसुद्धा नव्हती. माझ्या घरात माझ्या आईला सुरक्षित जागा एकच सापडली होती, कचऱ्याची.

मेकॅनिकताईंनी जाता जाता आईच्या कानात काहीतरी विचारलं, दोघींनी कॉम्प्युटरपाशी काहीतरी खुडबुड केली, आणि त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉम्प्युटर सुरू केला तर त्यानं मला पासवर्ड मागितला. पडद्याच्या कडेला आईच्या अक्षरात चिठ्ठी होती:

'हात लावण्याआधी करावा. तो जमत नसेल, तर आईला — (तीन अक्षरं, दोन्हीकडे एकच शब्द.)'

बायकोला शब्द माहीत होता, ती सांगत नव्हती. मी 'नमस्कार' घातला, मग लक्षात आलं की ती चार अक्षरं. 'सलाम' घातला. आईला सलाम, बसत होतं. उघडलं नाही. 'प्रणाम', नाही. मग सोमवारी कामाला गेलो आणि दिवसभर बोल्ट मोजता मोजता तीन अक्षरी शब्द मोजले. पाच दिवस असे गेले. पाच दिवस घरातल्या कॉम्प्युटरवर कुणीही काही आवरलं नाही. आई दुपारी निवांत बसायची, मी घरी यायच्या आत उठायची आणि मला बघून गालात हसायची.

सहाव्या दिवशी मला बँकेचा एक कागद छापायचा होता. मी हरलो. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. आई पाठमोरी भांडी पुसत होती.

"आई," मी म्हटलं, "तुला एक विचारायचं होतं."

म्हटलं आणि तिथेच थांबलो. आई वळलीही नाही, पण तिचे खांदे हलायला लागले.

मी बाहेरच्या खोलीत गेलो, 'विचार' टाइप केला आणि कॉम्प्युटर उघडला. पडदा गच्च भरला होता. फायलींवर फायली, वेड्यावाकड्या, एकीला धड नाव नाही, 'नवीन' नावाच्या तर तीन. बोटं शिवशिवली. मी माउस सोडून पुन्हा स्वयंपाकघरात गेलो आणि विचारलं, ती डावीकडची 'नवीन' कुणाची आहे.

"माझी," आई म्हणाली. "राहू दे."

मी राहू दिली.