पोडियम पडला ती दुपार

मित्रांनो, सभेत बोलणाऱ्याकडे सगळे पाहतात. तो ज्याच्यावर हात टेकतो, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. मी एक जुना सागवानी पोडियम आहे. बडोद्याच्या वाडी भागात एका मराठी मंडळाचे सभागृह आहे. माझे सारे आयुष्य तिथेच गेले.

वाडीतल्याच एका सुताराने मला घडवले. देश तेव्हा नुकताच स्वतंत्र झाला होता. माझ्यामागे उभी राहून माणसे नव्या पुढाऱ्यांचे भरभरून कौतुक करीत, आणि पुढे त्याच पुढाऱ्यांवर तुटूनही पडत. टाळ्या दोन्ही वेळा पडत. "ह्या पोडियममागे उभं राहिलं की भित्र्यालाही कंठ फुटतो," असे लोक म्हणत आणि मी मनोमन फुलून जाई.

मग हातात धरायचे माइक आले. माझी रवानगी जिन्याखालच्या अडगळीत झाली. गणपतीच्या सजावटीचे थर्मोकोल माझ्यावर रचले गेले. माझा एक पाय वाळवीने पोखरला, तरी कोणाला पत्ता नव्हता.

यंदा मंडळाने कॉलेजच्या मुलांसाठी वादविवाद स्पर्धा ठेवली. कारेलीबाग भागात इतिहास शिकवणाऱ्या नीरजाबाईंनी मला बाहेर काढले, पुसले आणि मंचावर उभे केले. विषय होता, 'राष्ट्र उभारणारे नेते द्रष्टे होते की निव्वळ राजकारणी?' उत्कर्षा नावाच्या मुलीला चिठ्ठीत 'निव्वळ राजकारणी' ही बाजू आली. नील तिच्या विरुद्ध बोलणार होता.

उत्कर्षाने माझ्यावर हात टेकले. तळवे घामाने ओले होते, पण आवाज स्वच्छ होता. "त्यांनी सौदे केले. मतांची गणितं मांडली, एकमेकांचे पाय ओढले. कुठे कुठे माघार घेतली आणि तिची किंमत दुसऱ्यांनी मोजली. ते देव नव्हते..."

"बंध करो आ! बंद कर हे!" पहिल्या रांगेतून उन्मेषभाई कडाडले. हे निजामपुऱ्यात राहणारे, रिफायनरीत नोकरी करणारे, मंडळाचे जुने सभासद. "ज्यांच्यामुळे तू इथं उभी आहेस, त्यांनाच नावं ठेवतेस?"

मागच्या रांगांतली माणसेही उठली. खुर्च्या करकरल्या. कोणी मोबाइल वर धरून चित्रण सुरू केले. मंडळाचे अध्यक्ष गोविंदराव पार गांगरले. "बेटा, माफी माग आणि खाली बस. विषय संपला."

उत्कर्षाने माझी कड घट्ट धरली. "माफी कशाची, काका? माझं बोलणं अजून अर्धंच झालंय."

तेवढ्यात उन्मेषभाई तावातावाने मंचावर चढले आणि त्यांनी मला बाजूला लोटले. पोखरलेला पाय कडकन मोडला. मी त्या मुलीच्या पायावर आडवा झालो. तिचा घोटा खरचटला, रक्त आले. उन्मेषभाईंचा हात हवेतच राहिला.

नील धावत आला. त्याने मला उभे केले आणि एका बाजूने धरून ठेवले. "हिचं म्हणणं मला अजिबात पटत नाही," तो म्हणाला. "पण अर्धंच ऐकून मी खोडू काय?"

उत्कर्षा पुन्हा माझ्यामागे आली. "मला इतकंच म्हणायचं होतं, की राजकारणी ही शिवी नाही. ज्यांचं तोंड पाहवत नव्हतं, त्यांच्याशेजारी ही माणसं बसली. भांडली. थोडं सोडलं, थोडं मिळवलं. एरवी त्यांची स्वप्नं उशाशीच राहिली असती."

"उन्मेषभाई," नीरजाबाई शांतपणे म्हणाल्या, "आता वर आलाच आहात, तर तुमचंही इथूनच मांडा."

उन्मेषभाईंनी माझ्यावर हात टेकले. "माझ्या आजोबांनी त्या पुढाऱ्यांच्या एका हाकेवर रेल्वेची नोकरी सोडली," ते म्हणाले. "घरात चूल पेटायची पंचाईत झाली. तरी मरेपर्यंत म्हणायचे, आपली माणसं शब्दाची पक्की. ती निव्वळ राजकारणी होती, तर आजोबा काय, मूर्ख ठरले?"

आता चुरचुरीत उत्तर देऊन टाळ्या घेणे उत्कर्षाला सोपे होते, म्हणून मला भीती वाटली. नीलच्या समोर, माझी दुसरी बाजू धरून ती उभी होती.

"नाही, काका," ती हळू आवाजात म्हणाली. "शब्द देणारे पुष्कळ असतात. आजोबांनी त्या शब्दावर घर पणाला लावलं, म्हणून तो मोडायची लाज वाटली असेल पुढाऱ्यांना. हे मला आधी सुचलं नव्हतं."

उन्मेषभाईंनी तिच्या घोट्याकडे पाहिले. "पायाला लागलंय तुझ्या," एवढेच म्हणाले आणि खिशातला रुमाल तिला दिला. मग खाली जाऊन बसले आणि नीलचे भाषण संपेपर्यंत उठले नाहीत.

मित्रांनो, गोविंदराव आता म्हणतात, "पुन्हा असले विषय नकोत, आणि हा मोडका पोडियमही नको." नीरजाबाई त्यांच्याशी रोज भांडतात. काय ठरेल ते मला ठाऊक नाही. माझे एवढेच मागणे आहे, की आम्हा जुन्या वस्तूंना वेळीच तपासा, डागडुजी करा आणि कामाला लावा. थोर माणसांनाही नुसते हार घालून बाजूला ठेवू नका. त्यांना प्रश्न विचारा. आणि ज्याचे बोलणे तुम्हाला बोचते, तो माझ्यामागे उभा असेल, तर त्याचे संपेपर्यंत बसा. मग वर या. तुमच्यासाठीही मी उभा राहीन.