रविवारचा वस्तरा

मी वस्तरा बोलतोय. रविवारचा नव्हे, सोमवार ते शनिवारचा. रविवारचा वस्तरा दुसरा होता आणि ही हकिगत खरं तर त्याच्यावर मी किती जळलो त्याचीच आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला मोठ्या मनाचा समजायला नको.

माझा जन्म जर्मनीतल्या झोलिंगनचा, वुपर नदीच्या काठचा. आमच्या गावात दर तिसऱ्या घरात कुणाच्या तरी नखांत सहाणेचा चिखल असायचा. मला घडवणाऱ्यांची नावं मला माहीत नाहीत. एकानं ठोकलं, एकानं भट्टीत घातलं, एकानं दोन फिरत्या सहाणांच्या मध्ये धरून पात्याचे दोन्ही गाल पोकळ केले. एकोणीसशे छत्तीस साली, गावातल्याच ओलिग्स भागातल्या एका दुकानात थिओ केरस्टन नावाचा बावीस वर्षांचा न्हावी आला. शिक्षण नुकतंच संपलेलं, स्वतःचं दोन खुर्च्यांचं सलून टाकायचं डोक्यात. त्यानं मला उजेडात धरलं, पात्यावर नखानं हलकेच टिचकी मारली. मी किणकिणलो.

"हा बोलतो," थिओ दुकानदाराला म्हणाला. "हाच द्या."

माझं एवढं कौतुक पुन्हा कधी झालं नाही.

लढाईची वर्षं मी तेलाच्या फडक्यात काढली. थिओ परत आला आणि सत्तेचाळीस साली त्यानं लिस्बेथशी लग्न केलं. लिस्बेथ गिऱ्हाइकांच्या गालांना फेस लावायची, थिओ मला चामड्याच्या पट्ट्यावर आठ-दहा वेळा फिरवायचा आणि कामाला लागायचा. खाटीक, पोस्टमन, चर्चचे पाद्रीबाबा, सगळ्यांच्या हनुवट्या मला पाठ झाल्या. आपण या घरातले एकुलते एक आहोत, अशी माझी समजूत होती.

एक्कावन्नच्या वसंतात तो आला.

काळी डबी, आत जांभळी मखमल. पातं असं की त्यात छताचा दिवा दिसावा. मूठ पांढऱ्या हाडाची. माझी साध्या काळ्या शिंगाची. आणि पात्यावर सोनेरी अक्षरं कोरलेली: 'थिओला, रविवारसाठी. मा.'

"मा म्हणजे कोण?" लिस्बेथनं विचारलं.

"आमच्या गाण्याच्या कोरसमधली मार्गा. कारखान्यात पात्यांवर नावं कोरते ना, ती."

"तिनं का दिला?"

"मला काय माहीत का! दिला." थिओचे कान लाल झाले होते. तो कधी नव्हे ते फरशी झाडायला लागला.

त्यानंतर दर रविवारी, कोरसला जायच्या आधी, थिओ आरशापुढे उभा राहायचा आणि त्या दुसऱ्या वस्तऱ्यानं स्वतःची दाढी करायचा. सावकाश, गुणगुणत. आठवड्यातले बाकीचे दिवस तो गालावरून एक स्वस्तातला सेफ्टी रेझर कसाबसा ओढायचा, पण त्याचं मला काही वाटलं नाही. त्याला कोण विचारतो! मला सलत होतं ते रविवारचं. मी आख्ख्या ओलिग्सचे गाल केले, पण माझ्या मालकाच्या गालाला माझं पातं एकदाही लागलं नाही. दोन डब्या एकाच कप्प्यात असायच्या. शेजारून रविवारी संध्याकाळी त्याच्या साबणाचा वास यायचा आणि मी सोमवारपर्यंत कुढत पडायचो.

त्रेपन्न साली मार्गा नवऱ्याबरोबर कॅनडाला निघून गेली. मला वाटलं, चला, आता या सोनेरी साहेबाचे दिवस भरले. लिस्बेथलाही तसंच वाटलं असावं. तिनं त्या दिवशी चेरीचा पाक घालून वॅफल केले. पण पुढच्या रविवारी थिओनं पुन्हा तीच डबी उघडली. लिस्बेथ दारात उभी होती. मग आत जाऊन तिनं बशा जरा जोरात ठेवल्या, इतकंच.

अशी पंचवीस वर्षं गेली.

अठ्ठ्याहत्तरच्या शरदात थिओला झटका आला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. 'पाणी' म्हणायला गेला तरी नुसता घोगरा आवाज निघायचा. सात आठवडे लिस्बेथनं त्याला भरवलं, पुसलं, कूस बदलली. मग एका रविवारी सकाळी ती त्याची दाढी करायला बसली. कप्पा उघडला. दोन्ही डब्यांवरून तिचा हात फिरला आणि तिनं मला उचललं.

मला! बेचाळीस वर्षांनी!

पण खरं सांगायला हवं. तोवर मी झिजून गेलो होतो. रोज दगडावर घासून घासून माझी पाठ सपाट झाली होती, धार मधोमध आत खचली होती, टोकाशी बारीक खाचही पडली होती. गालावर मी कसाबसा निभावलो. जबड्याच्या वळणावर मात्र अडकलो. रक्ताचा टिपका आला.

थिओनं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, मग लिस्बेथकडे. आणि सात आठवड्यांत पहिल्यांदाच स्पष्ट शब्द बोलला.

"दुसरा."

लिस्बेथनं रक्त टिपलं. "काय म्हणालास?"

"दुसरा."

तिनं मला पाण्यात बुडवून काढलं आणि राहिलेली बाजू माझ्यानंच पुरी केली. पुढच्या रविवारीही मीच होतो, आणि त्याच्या पुढच्याही. थिओ पुन्हा काही बोलला नाही, नुसता छताकडे बघत राहिला. जे हवं होतं ते मला मिळालं होतं, पण असं मिळालेलं कुणाला गोड लागतं? फेब्रुवारीत तो गेला.

मार्च महिन्यात लिस्बेथनं दोन्ही डब्या पिशवीत घातल्या आणि विजेच्या तारांवर चालणाऱ्या बसनं वुपरच्या काठी उतरली. तिथल्या एका जुन्या दगडी खोपटात एवाल्ड ओमरबोर्न नावाचा शिकलगार एकटाच काम करायचा. झिजलेले, गंजलेले जुने वस्तरे लोक त्याच्याकडे लांबून पाठवायचे आणि तो ते पुन्हा सहाणेवर घेऊन नवे करून द्यायचा. छातीपर्यंत रुळणारी दाढी! वस्तऱ्यांचा शिकलगार आणि दाढीवाला, म्हणून सगळं गाव त्याला हसायचं.

त्यानं आधी मला उघडलं. अंगठ्यानं धार चाचपली.

"अरेरे. बाई, याच्याकडून कामं तरी किती करून घेतलीत!"

"होईल का नीट?"

"होईल, पण निम्माच उरेल. आणि सहाणेवर जरा तापून निळा पडला की मेला. पोलाद मऊ पडतं, मग धार म्हणून धरत नाही." मग त्यानं दुसरी डबी उघडली आणि पातं खिडकीपाशी नेलं.

"याच्यावरचं नाव काढायचंय, मास्तर," लिस्बेथ म्हणाली.

"सोनं पुसायचं?"

"नाव काढायचंय. मुळापासून."

एवाल्ड स्टुलावर बसला. "हा मीच घासलेला आहे, बाई. आयुष्यातलं माझं सगळ्यात चांगलं काम. मार्गा कारखान्यात माझ्या सहाणेपाशी येऊन म्हणाली, 'एवाल्ड, स्वतःसाठी करशील तसा एक करून दे.' स्वतःसाठी! तीन संध्याकाळी खपलो. मला वाटलं, नाव कोरून मलाच देणार. आठवडाभर रोज दाढी करून, स्वच्छ कॉलर घालून कामावर गेलो, उगाच वाट बघत. आणि मग आमच्या कोरसच्या सहलीत तुमच्या थिओनं खिशातून काढून सगळ्यांना दाखवला."

"मग?"

"मग काय! तेव्हापासून गालाला पातं लावलं नाही."

लिस्बेथ त्याच्या दाढीकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. थिओ गेल्यापासून पहिल्यांदाच. "म्हणजे ही एवढी दाढी माझ्या नवऱ्यामुळे?"

"हसा, हसा. तुम्हाला निदान नवरा तरी मिळाला."

"मिळाला? सहा दिवस मिळाला, मास्तर. सातवा याचा होता." तिनं बोटानं त्या वस्तऱ्याकडे दाखवलं. हसू ओसरलं होतं. "काढा ते नाव."

एवाल्डनं मुठीची खीळ ठोकून काढली, पातं सुटं केलं, सहाणेच्या चाकावर पट्टा चढवला. सहाण फिरू लागली. तो पातं क्षणभर टेकवायचा, पाण्यात बुडवायचा, उजेडात धरायचा, पुन्हा टेकवायचा. आधी 'थिओला' गेलं. मग 'रविवारसाठी' फिकं झालं. 'मा.' जरा खोल होतं, ते सगळ्यात शेवटी गेलं. एवाल्डचे ओठ घट्ट मिटलेले होते. मी बाकावर पडून बघत होतो आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद होत होता.

तासाभरात काम झालं. चामड्याच्या चाकावर चकाकी दिली, मूठ बसवली. लिस्बेथनं तो कोरा वस्तरा हातात घेऊन उलटसुलट केला.

"आधी बरं होतं," ती म्हणाली. "एकच नाव होतं. आता बघावं तर कुणाचंही नाव दिसतं."

मलाही तसंच वाटलं. नाव गेल्यावर तो जास्तच देखणा झाला होता.

"तिलाच पाठवून देते. तिचं तिला. पत्ता कुठून मिळेल?"

एवाल्डनं लगेच खण उघडला आणि एक चिठ्ठी काढली.

"तुम्ही तिला पत्रं लिहिता?"

"कधीच नाही."

"मग पत्ता कशाला?"

"असावा म्हणून," एवाल्ड म्हणाला आणि सहाणेला पाणी घालू लागला.

मग माझी पाळी आली. मला दोन दिवस लागले. त्या दुसऱ्याची नुसती कातडी सोलली होती. माझं निम्मं अंग चिखल होऊन नाल्यात वाहून गेलं. पाठ बारीक केली, खाच काढली, खचलेली धार सरळ होईपर्यंत सगळी रुंदी खाली आणली. एकदा तापून टोकाशी पिवळसर छटा आली तेव्हा एवाल्डनं मला झटकन पाण्यात बुडवलं आणि स्वतःलाच एक शिवी हासडली. शेवटी मी विलोच्या झाडाच्या पानासारखा अरुंद झालो. त्यानं नखानं टिचकी मारली. मी किणकिणलो. आवाज बारीक होता, पण होता. तेवढ्यात माझ्या मनात काय आलं असेल? हेच, की त्या दुसऱ्याला मात्र एका तासात, न दुखता सगळं मिळालं.

लिस्बेथनं सलून विकलं, पण थिओच्या काही जुन्या गिऱ्हाइकांना दुसऱ्याचा हात चालेना. ते शनिवारी तिच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर येऊन बसू लागले आणि ती माझ्यानं त्यांच्या दाढ्या करू लागली. एवाल्डही येऊन बसायचा. दाढी करायला नाही, कॉफीला.

जूनमध्ये कॅनडाहून पत्र आलं. एवाल्ड टेबलाशी होता, मी टॉवेलवर वाळत पडलो होतो. लिस्बेथनं पत्र मोठ्यानं वाचलं.

'प्रिय लिस्बेथ, थिओ गेल्याचं वाचून वाईट वाटलं. कोरसमध्ये तो नेहमी अर्धा सूर खाली गायचा, एवढं आठवतं. वस्तरा सुरेख आहे, पण मी थिओला कधी दिला होता, ते काही केल्या आठवत नाही. तेव्हा हात बसावा म्हणून मी हाती येईल त्याच्यावर नाव कोरून देत सुटले होते. एक पाद्रीबाबांना दिला होता, एक कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला. थिओलाही दिला असेन. माझे हे विजेच्या यंत्रानं दाढी करतात, तरी ठेवून घेते. एवाल्ड ओमरबोर्न अजून आहे का? तो चांगलं घासायचा.'

लिस्बेथनं पत्र टेबलावर ठेवलं.

"चांगलं घासायचा," एवाल्ड पुटपुटला.

"खोटं बोलतेय ती," लिस्बेथ म्हणाली.

"कशाला बोलेल?"

"मला बरं वाटावं म्हणून." तिनं पत्राची घडी केली, पुन्हा उलगडली. "आणि खरं असेल तर जास्तच वाईट. पंचवीस वर्षं, एवाल्ड! पंचवीस वर्षं मी बशा आपटल्या. आणि तिला आठवतसुद्धा नाही! बिचारा थिओ. त्याला हे कळलं असतं तर?"

एवाल्डनं कॉफीत साखर ढवळली. "तरी रविवारी त्यानं तोच उचलला असता," तो म्हणाला.

लिस्बेथ उठली आणि मला पट्ट्यावर फिरवू लागली. आठ-दहा वेळा पुरलं असतं. ती फिरवतच राहिली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. एवाल्ड गेला, त्याच्या खोपटाला कुलूप आहे. लिस्बेथचे हात थरथरतात, म्हणून तिनं मला गेल्या नाताळपासून कुणाच्या गालाला लावलेलं नाही. पण महिन्यातून एकदा तेल लावते. मी अरुंद आहे, पण धार अजून आहे. माझी तक्रार नाही.

एकच विनंती आहे. तुमच्यापैकी कुणी कधी कॅनडाला गेलात आणि एखाद्या कपाटात पांढऱ्या मुठीचा, नाव नसलेला वस्तरा दिसला, तर जरा उघडून बघा. गंजला असेल तर मला अवश्य कळवा. चकाकत असेल, तर मात्र काही सांगू नका.