तीन माणसांचं पाणी

"खोलीचं नंतर. आधी पाणी कुठून येतं ते विचार," बाबा म्हणाले.

मी फोनवर हात ठेवला. पलीकडे त्या लहानशा बेटावरच्या पाहुणेघराच्या मालकीणबाई सांगत होत्या: समुद्राकडची खिडकी, मागे नारळाची झाडं, दिवसाला एकच बोट.

"बाबा, चहूबाजूंनी पाणीच आहे."

"ते खारं. प्यायचं विचार."

आई हसली. "चाळीस वर्षं लोकांना पाणी सोडलं, आता सुट्टीला निघालेत तेही पाण्याचीच चौकशी करायला."

बाबा पाणीपुरवठा खात्यात होते. साहेब नव्हते. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलून, छातीइतक्या उंच चावीनं व्हॉल्व्ह फिरवून एकेका वस्तीला पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. पहाटे पाचला टेकडी, सहाला शाळेमागची वस्ती, सातला बाजार. कुठल्या गल्लीला किती आटे उघडायचे हे त्यांच्या मनगटाला पाठ होतं. टेकडीवरच्या शेवटच्या घरातली बादली भरली की नाही हे पाहायला ते सायकल हातात धरून चढण चढायचे. बदली माणूस सगळं घाईनं उघडून मोकळा व्हायचा. खालच्यांच्या बागा भिजायच्या आणि वरचे कोरडे राहायचे. म्हणून आमची सुट्टी एका दिवसापलीकडे कधी गेली नाही. माझ्या पदवीदानालाही ते उशिरा आले, पँट गुडघ्यापर्यंत ओली.

निवृत्तीनंतर बेटाचं आईनं काढलं. मासिकात तिनं फोटो पाहिला होता. अर्ध्या तासात पायी फिरून होईल एवढं बेट.

त्या दिवशी बाबांनी शेवटी माझ्या हातातून फोन घेतलाच. टाकी केवढी, घरं किती, उन्हाळ्यात किती दिवस पुरतं. पंधरा मिनिटं. मी ओशाळून खिडकीबाहेर बघत राहिले.

"बाई हुशार आहेत," फोन ठेवून ते म्हणाले.

"बाबा, आपण तिथं लोळायला चाललोय, तपासणीला नाही. परत येईपर्यंत पाण्याचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," ते म्हणाले. शाळेत उभं केलेल्या मुलासारखे.

तारीख ठरली. निघायच्या नऊ दिवस आधी माझं ऑफिस नव्या इमारतीत हलवायचं ठरलं आणि रजा नामंजूर झाली. दोन दिवस मला सांगायचा धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी बाबा चष्म्याचा स्क्रू घट्ट करत बसले होते, तेव्हा एका दमात सांगून टाकलं. "आता नाही जमणार. दोन महिन्यांनी जाऊ."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि पुन्हा स्क्रूत गुंतले.

मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाले, हे माझ्या लक्षात आलं. आई आत निघून गेली. मी बेटावर फोन केला. मालकीणबाईंनी एका शब्दात तारीख बदलून दिली.

पाच आठवड्यांनी बाबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मरण असावं तर असं, येणारा प्रत्येक जण म्हणत होता. मी मान डोलवत होते. मनात एवढंच होतं की, चार कपाटं या इमारतीतून त्या इमारतीत न्यायची होती म्हणून मी माझ्या बापाचा समुद्र हिरावून घेतला. हे मी कुणालाच सांगितलं नाही. आईला तर नाहीच.

सतराव्या दिवशी खोली रद्द करायला फोन लावला. आई शेजारी जमिनीवर बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती. बाबा गेल्याचं सांगितलं.

"मीच तारीख पुढं ढकलली," मी म्हटलं. "नाहीतर येऊन गेले असते."

"तुम्ही कुठं ढकललीत?" बाई म्हणाल्या. "तुमच्या फोनच्या चार दिवस आधी काकांनीच ढकलली होती."

"बाबांनी?"

"त्या दिवशी टाकीचं सगळं विचारून घेतलं होतं ना त्यांनी. मग पुन्हा फोन केला. म्हणाले, बाई, तुमचं पाणी पावसापर्यंत जेमतेम पुरेल. त्यात आम्ही तिघं आलो, तर आमच्या आंघोळी तिथल्या कुणाच्या तरी बादलीतून जाणार. पाऊस झाला की येतो. मी म्हटलं, अहो, पाहुण्यांना आम्ही कमी पडू देत नाही. तर म्हणाले, तेच तर."

"मला बोलले नाहीत."

"मुलीला शब्द दिलाय म्हणाले, पाण्याचं नाव काढणार नाही असा. काय सबब सांगावी या विवंचनेत होते. तेवढ्यात तुमचाच फोन आला. मग मीही गप्प बसले."

म्हणजे खरंच बरं झालं होतं. मला बरं वाटावं म्हणून बाबा आयुष्यात कधी खोटं बोलल्याचं मला आठवेना. तेव्हाच कळायला हवं होतं. किती दिवसांनी पोटापर्यंत श्वास गेला.

"आता टाकी तुडुंब आहे," बाई म्हणाल्या. "खोली रद्द नाही करत. सावकाश कळवा."

मी आईला सगळं सांगितलं. तिच्या हातातला टॉवेल अर्धवट घडी घातलेलाच राहिला.

"पाण्यापायी?"

"हो."

"माझ्या गुडघ्यापायी नाही?"

"गुडघ्याचं काय?"

"मी म्हटलं होतं त्यांना, बोटीच्या शिडीची मला धास्ती वाटते. आणि लगेच तारीख पुढं गेली. मला वाटलं, तुझं ऑफिस-बिफिस नुसतं निमित्त, तुम्ही बापलेकींनी मिळून ठरवलं. सतरा दिवस या मेल्या गुडघ्याला शिव्या घालतेय मी."

"आणि मी कपाटांना."

"कसली कपाटं?"

तेही सांगितलं. आधी कोण हसलं ते आठवत नाही. आईला हसताना खोकला लागला, तिच्या पाठीवर थापटताना मला आणखी हसू यायला लागलं. डोळ्यांना धार लागली होती, ती कशाची हे दोघींनीही विचारलं नाही. दार उघडंच होतं. वरच्या मजल्यावरच्या काकू झाकलेलं पातेलं घेऊन, चेहरा अगदी जपून उतरवून आत आल्या, आणि आम्हाला तशा टॉवेलांच्या ढिगात बघून उंबऱ्याशीच थबकल्या. पुढं यावं की परत फिरावं, त्यांना कळेना.

आईनं हातातल्या टॉवेलानं तोंड पुसलं. जमिनीला हात टेकून सावकाश उठली.

"या ना, बसा," ती म्हणाली. "आम्ही बोटीचं बघत होतो."