वाकड्या चोचीचा बाप

अगं, तू फक्त ऐक. मधे बोललीस की माझं सगळं विसरायला होतं.

आमच्या घराचं तुला माहीतच आहे. पुढचा अर्धा भाग आमचा, मागचा काका-काकूचा, आणि परसात खुराडं एकच. कोंबड्या मात्र वेगवेगळ्या. आमच्यांच्या पायात निळा दोरा, काकूच्यांच्या पायात लाल. कोंबडा तेवढा एकच, तो काकूचा. काका त्याला साहेब म्हणतात, आणि तो चालतोही तसाच, तपासणीला आल्यासारखा.

तर आमच्या कोंबडीला पिल्लं झाली आणि त्यातल्या एकीची चोच वाढता वाढता फिरायला लागली. वरची डावीकडे, खालची उजवीकडे, अगदी कात्री. दाणा टिपायला जायची आणि रिकामीच वर यायची. बाकीच्या तिला ढकलून मोकळ्या. मी तिचं नाव वाकडी ठेवलं. खोल वाटीत ओलं खाद्य द्यायचे, म्हणजे तिला उपसून खाता यायचं. आणि नखं घासायच्या कानशीने तिच्या चोचीचं टोक घासायचे. मांडीवर अशी गप्प बसायची ना, जणू पार्लरमध्ये आलीये.

काकूने ते बघितलं आणि झालं सुरू. "ताई, तुमच्या कोंबडीचं रक्तच खराब. माझ्या पिल्लांत असलं कधी झालंय?"

आई म्हणाली, "माझी कोंबडी राहू दे. बोलताना तुझंही तोंड वाकडंच होतं."

त्यानंतर दोघींचं बोलणं बंद. म्हणजे एकमेकींशी बंद, कोंबड्यांशी चालू. आई खुराड्यापाशी उभी राहून मोठ्याने सांगायची, "बाई गं, इथे घाण करू नकोस, मागच्या मालकिणीच्या नाकाला झोंबतं." आतून काकूच्या भांड्यांचा आवाज वाढायचा. बाबा अशा वेळी पेपर उघडतात, कालचा असला तरी.

मग काकूने काकांचे कान भरले. खुराडं काकांनी बांधलंय, त्यामुळे तिथे कायदा त्यांचा. व्यंग असलेला पक्षी ठेवायचा नाही, आणि ज्याच्यामुळे ते आलं तोही ठेवायचा नाही. त्यांनी सांगूनच टाकलं, रविवारी वाकडी आणि तिची आई, दोघी कापायच्या. मी हात जोडले, ते म्हणाले, "पक्ष्यांत लाड नसतात."

आता गंमत ऐक. मधल्या काळात काकूची दोन-तीन पिल्लं गायब झाली होती. विचारलं की ती म्हणायची, घारीने नेलं. अगं, आमच्या परसावर जाळी आहे, चिमणीला शिरता येत नाही. हे माझ्या डोक्यात शिरायला रविवार उजाडला.

सकाळी मी ब्रश करत मोरीच्या खिडकीत उभी, तर काकू खुराड्यापाशी. एकेक पिल्लू उचलतेय, चोचीवरून बोट फिरवतेय, खाली सोडतेय. एक मात्र तिने सोडलं नाही. गाऊनच्या खिशात टाकलं. मी तशीच बाहेर गेले, तोंडात फेस, आणि विचारलं, "काय काकू, घार आली होती का?"

तिचा चेहरा उतरला. मी सरळ तिच्या खिशात हात घातला, पिल्लू काढलं आणि काकांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. चोच फिरलेली, पायात लाल दोरा.

काकू मागून धावत आली. "हिनेच दोरा बदललाय."

आवाज ऐकून आई आलीच होती. म्हणाली, "दोरा बदलला, आणि चोच काय हिने पकडीने फिरवली?"

काका त्या पिल्लाकडे बघत बसले. दोन वेगळ्या कोंबड्या आणि कोंबडा एकच, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. चहा तसाच टाकून त्यांनी सुरी घेतली. म्हणाले, "साहेब जाईल. वहिनी, तुमच्या कोंबडीचा दोष नाही, ती राहील. पण वाकड्या चोचीची दोन्ही जातील."

मी आईकडे बघितलं. म्हटलं आता ही काकांना सोडत नाही. आणि आई काय करते, तर परसात जाते, वाकडीला उचलते आणि काकांच्या हातात देते. "घ्या भाऊजी. पण आधी साहेब." आणि बघत होती काकूकडे. हसत होती गं ती.

मी वाकडीला हिसकावलं आणि पळत सुटले. आई फाटकातून ओरडत होती, परत आण, नाहीतर त्या बाईला आयुष्यभर बोलायला मिळेल. सरळ इथे आले. तुझ्या बाथरूममध्ये आहे ती, रागावू नकोस.

ते दुसरं पिल्लू टेबलावरच होतं. माझा एक हात मोकळा होता. घेता आलं असतं, पण मला त्याचा लाल दोरा दिसला आणि मी नाही घेतलं. खरं सांग, तू काय केलं असतंस?