गास्पारची शेवटची धून

"ठेव ते व्हायोलिन खाली! गास्पारला माती देऊन तास झाला नाही अन् तू त्याच्या जागेवर उभा?" सिंबालोम या तारवाद्यावर आघात करायच्या काठ्या नाचवत ओडोनकाका ओरडला.

लोरिंत्स हटला नाही. "मग कोण वाजवणार? तुझी सासू?"

"गास्पारची जागा हवीय याला! आधी सुरात रडून तरी दाखव!" काकानं टोमणा मारला.

खानावळीतली दुखवट्याची माणसं रश्श्यात पाव बुडवत फिदीफिदी हसली. लोरिंत्सचं डोकंच फिरलं. गास्पार ताफ्याचा म्होरक्या; वीस वर्षं त्यानं गास्पारच्या मागे नुसती साथ धरली होती.

गावातल्या प्रत्येक गड्यासाठी गास्पारनं एकेक धून बांधली होती. ज्याची धून, त्याच्यासाठी ती रात्रीच्या मैफलीत अगदी शेवटी, कानाशी वाजवायची. ती संपली की त्यानं टोपी घालून घरी जायचं. लोरिंत्सला मात्र धून नव्हती. मागितली की गास्पार मिशीत हसायचा. "तुला कसली घाई? तू तर माझ्या मागोमागच असतोस."

मरायच्या आधी त्यानं नवी धून बांधली. ताफ्यातल्या प्रत्येकाला तिची फक्त साथ शिकवली. मुख्य सूर कुणालाच सांगितला नाही.

"नुसती साथ वाजवू. त्याची जागा रिकामीच राहू दे," काका म्हणाला. "मेलेल्याचा सूर उचलू नये रे."

"मी शोधतो तो सूर. तुम्ही वाजवा."

साथ सुरू झाली. गास्पारचं व्हायोलिन दिवसभर शेकोटीजवळ होतं, तरी गारठलेलं. लोरिंत्सनं गज टेकवला अन् बोटं आपोआप धावायला लागली. डाव्या कानाशी कुणाचा तरी श्वास लागला. आलुबुखाऱ्याच्या दारूचा वास. गास्पारचाच.

सुरात लोरिंत्सची आई हाक मारत होती. बापाची लंगडी घोडी चालत होती. हे त्यानं कधी कुणाला सांगितलंच नव्हतं.

ही माझी आहे, त्याला कळलं. गज थांबेना.

"पुरे! थांब!" काका किंचाळला, पण त्याच्या काठ्याही थांबेनात.

शेवटचा सूर विरला. कुणी हललं नाही. लोरिंत्सनं डोक्याला हात लावला. टोपी डोक्यावर होती. मघाशी तर ती खुंटीला होती.

बाहेर, कब्रस्तानाच्या वाटेवर, कुणीतरी एकटंच व्हायोलिन जुळवत होतं. साथीची वाट बघत.

"बस रे पोरा," काका रडवेला झाला. "रस्सा गार होतोय. मी चिडवलं म्हणून का..."

"नाही काका. माझी धून झाली." त्यानं खुंटीवरचं आपलं जुनं व्हायोलिन काढलं. "मला आता निघायला हवं."